चान्यांचा वास

“चान्या? चान्या म्हणजे काय हो, मावशी?”

विचारणारा रविराज पुण्याहून आला होता आणि त्याच्या आवाजात नव्या जातीचे फुलपाखरू सापडल्याचा आनंद होता. पारनेरच्या त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात सकाळपासून दिवे, कॅमेरे आणि वायरींची जाळी पसरली होती. कढईत येसूर भाजला जात होता. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरे, सगळ्यांचा मिळून एक खमंग, जड वास छताला लागला होता. यशोदाच्या हातातले उलथणे थांबले. तोंडून गेलेले वाक्य अजून तिच्या समोरच तरंगत होते: “चान्या भाजल्यावानी वास सुटला, की जाळ काढायचा.”

“काय न्हाई,” ती म्हणाली. “वाळवन असतंय येक. आमच्या जामखेडकडं.”

“वा! काय शब्द आहे! मावशी, परत म्हणा. इकडे बघून.”

नाही म्हणावे, तर का म्हणून विचारतील. म्हणून जे पहिल्यांदा चुकून निसटले होते, ते दुसऱ्यांदा तिने पदर सावरून, कॅमेऱ्याच्या काळ्या बुबुळात पाहत, स्वच्छ उच्चारले. विमलबाई तेव्हा पुढच्या खोलीत गालांना पावडर लावून घेत होत्या. कार्यक्रमाचे नाव ‘चव चुलीची’ आणि या भागाचे ‘विमलआजींची येसूर आमटी’. आमटी यशोदा करायची. आजी विमलबाई होत्या. श्रमविभागणीची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कोणी चोरी म्हणत नाही.

चान्या म्हणजे वाळवण हे खोटे नव्हते. गावाने ज्यांच्या वाट्याला मेलेले ढोर ठेवले, त्यांनी ते मांस टिकवण्याची रीत काढली. लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर उन्हात वाळवायच्या, पुढे भुकेच्या दिवसांत निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खायच्या. त्या पट्ट्या म्हणजे चान्या. हा शब्द कोशात शोधावा लागतो. पण ज्याच्या तोंडी तो सहज येतो, त्याला आपला पत्ता वेगळा सांगावा लागत नाही.

यशोदाने स्वतः चान्या कधी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. छप्पन सालच्या दीक्षेनंतर तिच्या आजोबांनी अंगणातली दोरी विळ्याने कापून टाकली होती, आणि ती जन्मली त्याच्या कितीतरी नंतर. दोरी गेली, मांस गेले, देव गेले. राहिली ती आजीची, गोजरबाईची, जीभ. मसाला कुठवर भाजायचा याचे तिच्याजवळ एकच माप होते, आणि नातीने ते माप उचलले, जसे पोर आजीची चाल उचलते. कधीही न घेतलेल्या वासाची तिने उपमा दिली होती.

या घरात ती यशोदा होती. खरे नाव यशोधरा. पहिल्याच दिवशी विमलबाई म्हणाल्या होत्या, “येवढं लांबलचक कोन म्हननार बाई? यशोदा बरं.” आडनाव शिंदे. हे आडनाव गावाच्या दोन्ही टोकांना राहते. “कंच्या शिंद्यांतली?” या प्रश्नाला तिने “जामखेडकडच्या” असे उत्तर दिले होते. विमलबाईंचे माहेरही जामखेडचे, त्यामुळे त्यांनी आपल्याला हवे ते शिंदे धरले आणि चहा टाकायला सांगितला. त्याला आता दहा-बारा वर्षे झाली होती.

त्या वर्षांत स्वयंपाकघर तिचे झाले होते आणि दुपारही. जेवणे उरकली, की विमलबाई पलंगावर आडव्या होत, यशोदा खाली चटईवर बसून त्यांच्या पायांना तेल लावी, आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर खाण्याचे कार्यक्रम एकामागून एक चालत. स्पर्धेत रडणारे स्वयंपाकी, वरणाला नवेच नाव देणारे परीक्षक, जगभर हिंडून काहीही तोंडात घालणारे गोरे पाहुणे. एक भाग संपला की विमलबाई म्हणत, “लाव आनखी येक, झोप कुठं येती,” आणि चहाची वेळ टळून जाई.

“आगं बया, किडं खातंय मेलं! आन हसतंय कसं!”

“तुमी पन तंबाखूची मशेरी लावता की काकू. त्याला कळलं तर त्यो बी आसंच म्हनंल.”

“गप गं, चावट!” आणि दोघीही पोट धरून हसत.

शूटिंगनंतरच्या आठवड्यात असाच एक भाग लागला. कुठल्याशा बर्फाळ मुलखातली एक म्हातारी मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर टाकत होती. विमलबाई कोपरावर उठून बसल्या. “बघ गं यशोदे, किती निगुतीनं करती! ऊन तरी असतंय का तिथं?” पाहुण्याने पट्टी चावून डोळे मिटले, तसे विमलबाईंनीही मिटले. यशोदाचे तेलाचे बोट त्यांच्या घोट्यावर थांबले. समुद्रापलीकडच्या दोरीवर मांस वाळते तेव्हा ती संस्कृती असते. पदार्थ जितका लांबचा, तितका सोवळा.

“थांबलीस का?”

“काय न्हाई काकू,” ती म्हणाली आणि तळपाय चोळू लागली.

घरी नवऱ्याला, भीमराजला, तिने सांगितले. तो सुप्याच्या एमआयडीसीत वॉचमन होता.

“काढाया सांग त्यान्ला त्येवढं.”

“का म्हनून इचारतील.”

“मंग आता निस्तं बघत ऱ्हायचं,” तो म्हणाला.

तरी तिने सूनबाईंना विचारून पाहिले. पंकजा बँकेत होती, पुस्तके वाचणारी, आवाज कधी न चढवणारी.

“वैनी, ते माझं बोलनं ठिवलंच पायजे का? आजीचं नाव हाय, मी कशापाय मधी?”

“अहो यशोदाताई, वेड्या आहात का? रविराजचा मेसेज आला, त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना तेच वाक्य आवडलंय. जाहिरातीत घेतलंय!”

जाहिरात आली. कढई, धूर, यशोदाचा हात आणि तिचा आवाज. खाली सुबक अक्षरांत: ‘चान्या – ग्रामीण भागातील एक पारंपरिक वाळवण.’ त्याखाली लोक रेसिपी मागत होते. एका बाईंनी लिहिले होते, आमच्याकडे यांनाच सांडगे म्हणतात. पंकजाने ती साऱ्या नातेवाइकांना पाठवली. मग प्रत्यक्ष भाग आला; घरचे आणि शेजारचे मिळून सगळ्यांनी पाहिला. विमलबाई स्वतःला पाहण्यात इतक्या दंग होत्या, की त्यांना दुसरे काही ऐकू आले नाही. टाळ्या झाल्या. यशोदा सगळ्यांना चहा देत फिरली आणि प्रत्येक कप खाली ठेवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत गेली. तिथे काहीच नव्हते. शहरे वाढल्याचा एवढा एक फायदा, असे तिला क्षणभर वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामखेडहून विमलबाईंच्या भावाचा, श्रीमंतरावांचा फोन आला. विमलबाई फोन नेहमी स्पीकरवर लावून, तळहातावर आरशासारखा धरून बोलत. यशोदा आत कणीक मळत होती.

“आक्का, झ्याक दिसलीस की! पावडर लई थापली हुती पन.”

“गप ए. आमटी बघ की, पावडर काय बघतो.”

“आमटीचंच म्हनतोय. ती तुझ्याकडली बाई... कुणाची गं ती?”

“यशोदा? शिंद्यांची. आपल्याकडलीच हाय.”

“आपल्याकडलीच हाय, ते कळलं. चान्या म्हन्ली ती.”

फोनमध्ये कुठेतरी कोंबडे ओरडले. मग टिक असा एक आवाज झाला. स्पीकर कसा बंद करायचा हे विमलबाईंना इतकी वर्षे कोणी शिकवू शकले नव्हते. त्या सकाळी त्यांना ते आपले आपण जमले.

यशोदा कणीक मळत राहिली. पुरेशी मळून झाली होती तरी.

नंतर कोणी काही बोलले नाही. हीच त्या घराची सभ्यता. त्या दिवशी विमलबाईंना भूक नव्हती. केळे आणि दूध घेतले, दूध पंकजाने तापवले. दुसऱ्या दिवशी पोट जड होते. तिसऱ्या दिवशी कसलासा उपास निघाला. पायांना तेल नको झाले, ऊन फार म्हणून. दुपारी टीव्ही बंद राहू लागला. यशोदा सकाळी चार माणसांचा स्वयंपाक करी आणि संध्याकाळी तो जसाच्या तसा मागच्या दारच्या गाईपुढे पडलेला पाही. गाय बिनतक्रार खात होती. या प्रकरणात तेवढी एकच निर्मळ होती.

शेवटी पंकजा दारापर्यंत सोडायला आली. “यशोदाताई, आम्ही दोघं हे काही मानत नाही, तुम्हाला माहितीय. पण आईंचं वय... तुम्ही थोडे दिवस वरचं काम बघाल का? झाडलोट, बाग. स्वयंपाकाला मी बघते कोणीतरी.” तिचे डोळे खरेच भरून आले होते, आणि ते पुसायला तिने यशोदासमोर थांबायची गरज नव्हती.

“उंद्या येते वैनी,” यशोदा म्हणाली. “मंग बघू.”

ती आली. पंकजा बँकेत गेलेली होती. यशोदाने रोजच्यासारखे तांदूळ धुतले, कुकर लावला. बाहेरून हाक आली.

“यशोदे.”

विमलबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. चार दिवसांत त्यांचे तोंड उतरले होते; सुनेच्या हातचे त्यांना गोड लागत नव्हते, आणि एकट्याने टीव्ही बघण्यात जीव रमत नव्हता.

“येक इचारते. खरं सांगशील?”

“इचारा.”

“तू सवता... कवा खाल्लंयस का गं ते?” शब्द त्यांनी तोंडात घेतला नाही. “का निस्तं कुना म्हातारीच्या तोंडून आयकलं? तसं आसंल तर सांग. मी समजावते शिरमंताला. म्हनीन, पोरगी कवा त्या वाटंला गेली न्हाई. चांगलं वळन हाय.”

हे दार होते. विमलबाईंच्या परीने त्यांनी ते हवे तेवढे उघडले होते, आणि त्यातून आत जायला लागणारे उत्तर खरेच होते: नाही. पाहिलेसुद्धा नाही. एवढे म्हटले, की ओटा परत मिळत होता, दुपार परत मिळत होती. फक्त त्या एका शब्दाने गोजरबाईला बाहेर उभे करून यावे लागणार होते, जशी ती आयुष्यभर या असल्या दारांबाहेर उभी राहिली होती.

“व्हय,” यशोधरा म्हणाली. “लई खाल्ल्यात. ग्वाड लागायच्या.”

या घरात तिने मुद्दाम सांगितलेले हे पहिले खोटे.

आत कुकरची शिट्टी झाली. यशोधरा वळली. स्वयंपाकघरात जायची वाट पलंगाला लागूनच होती. ती जवळ आली तसे विमलबाईंनी दोन्ही पाय अलगद वर उचलून घेतले आणि लुगड्याचा काठ त्यांच्याखाली खोचला.

तिने गॅस बंद केला. वाफ आपली आपण जिरेपर्यंत ती ओट्याशी उभी राहिली, मग झाकण काढून भांडे बाहेर घेतले. भात मोकळा झाला होता, शीत न् शीत सुटे. तो आता कोण खाणार हे तिला माहीत होते. तरी तिने त्यावर ताट झाकले, ताटावर वरवंटा ठेवला, ओटा कोरडा पुसला आणि मागच्या दाराने बाहेर पडली.