टॉवर पडला तेव्हा भिकू कुठे होता

"आता हा फ्लोअर बघा," म्हणत ऑफिसला निघालेल्या साहिलने मोबाइल उषाच्या इस्त्रीच्या टेबलावर, चादरींच्या थप्पीला टेकवून उभा केला. "वरचा भाग खाली यायच्या आधीच इथून धूर बाहेर फेकला जातोय. दिसला? हे आपोआप होत नाही. आतून उडवलंय."

अमेरिकेतले दोन मनोरे चादरींसमोर पुन्हा एकदा कोसळले. उषाने इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर फुंकर मारली. पंधरवडाभर ते मनोरे तिच्या टेबलावर रोज पडत होते, आणि दर वेळी ती पांढरे कपडे जरा बाजूला सरकवून घेत होती. न जाणो.

कारण समोर खराच पडला होता. भुकूम गावात, रस्त्यापलीकडे, निळ्या पत्र्यांच्या कुंपणाआड, बावीस मजल्यांचा व्हायचा आणि चौदाव्यावर अडलेला टॉवर दोन पावसाळे नुसता उभा होता. आखाडाच्या शेवटच्या रविवारी, दिवेलागणीनंतर, तो बसला. उषाला दुसरा शब्द सापडत नव्हता. म्हातारी माणसं गुडघ्यावर हात ठेवून बसतात तसा बसला, आणि मग उठलाच नाही. आत कोणी नव्हतं. कामगार कधीच निघून गेले होते. होता तो एक वॉचमन, आणि नेमका त्या वेळी तोही जागेवर नव्हता.

तो वॉचमन म्हणजे उषाचा नवरा, भिकू.

"अमेरिकेचं सोड रे," कोंडाजी म्हणाले. ती जमीन मूळची त्यांची. विकून वर्षं झाली, तरी बोलताना अजून 'आमच्या वावरात' म्हणत. "हितं आमची इहीर व्हती. इहीर बुजवायची तर आधी नारळ फोडायचा, पाण्याची माफी मागायची, मंग माती ढकलायची. ह्यांनी थेट डंपर लावलं. पानी काय जातंय व्हय कुटं? बसलं आत गप. आन् एक दिस बाहेर आलं."

"काका, पाणी चौदा मजले पाडतं का? हा इन्शुरन्सचा गेम आहे. काम अडकलेलं, पार्टनर भांडलेले. पाडला की पैसे सुटले."

"सळई दोन वरसं पावसात उघडी व्हती," हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवरून नसीरभाई म्हणाले. "गंजली आसंल."

त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. नसीरभाईंचं म्हणणं कुणालाच आवडत नसे, कारण त्यात गंमत नव्हती. गंजाला शिव्या तरी कशा देणार.

भिकू शेजारच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर, टोकाला बसला होता. साहिल त्याच्याकडे वळला. "भिकूदादा, तुम्ही बोला. तुम्ही दोन वर्षं आत होता. त्या आठवड्यात कोणी आलं होतं? गाडी? पेट्या?"

भिकूने कुंपणाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "मी साधा वाचमन. पर काय काय गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात, तोंडानं बोलू न्हाईत."

"बघा," साहिल म्हणाला.

"च्या सांगा रे भिकूला," कोंडाजी म्हणाले.

उषाने इस्त्री शर्टाच्या कॉलरवर जरा जोरातच दाबली. कारण भिकूने डोळ्यांनी काय पाहिलं होतं ते तिला ठाऊक होतं. मटणाचा रस्सा.

आखाडाचं मटण घरीच खायचं असतं. तव्यावरची भाकरी ताटात पडायची, सगळ्यांनी एका वेळी बसायचं, आणि पुढे श्रावणभर तोंड मिटायचं. ते डब्यात घालून साइटवर एकट्याने खाल्लं तर त्याला आखाड म्हणत नाहीत. त्या संध्याकाळी भुकूमातले निम्मे ड्रायव्हर, वॉचमन, सगळे जागा सोडून आपापल्या ताटावर होते. कोंडाजीही होते. पण टॉवर पडल्यावर प्रश्न एकच उरला, तेव्हा भिकू कुठे होता? आपण स्वतः कुठे होतो हे जो तो विसरला.

पहिल्या दिवशी भिकूने खरंच सांगितलं होतं. "जेवाय गेलतो." त्यावर कोंडाजी हसले, साहिल हसला नाही पण त्याने मान हलवली, आणि कोणीतरी म्हणालं, बरोबर त्याच टायमाला भूक लागली का? तेव्हापासून भिकू गप्प झाला. गप्प बसल्यावर त्याला चहा येऊ लागला. मग त्या गप्प बसण्यात तो अधूनमधून एखादं वाक्य टाकू लागला, आमटीत कोकम टाकावं तसं.

उषाला त्याचा राग येई आणि कीवही येई. साठीला टेकलेला हा माणूस; लग्नात आहेराची नावं पुकारताना त्याचं नाव हमखास गळायचं. आजवर त्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकणारा एकच होता, आणि तो साइटवरचा कुत्रा. पिवळट, एक कान पडलेला. कामगार होते तेव्हा दिवसभर त्यांच्यासमोर बसून नुसता बघत राहायचा, म्हणून त्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. कामगार गेले, मुकादम राहिला. तो भिकूच्या पायाला इतकं अंग घासायचा की पॅन्टच्या खालच्या दुमडीत त्याचे केस अडकून बसत. कितीही धुवा, निघत नसत. उषा ओल्या हाताने ते काढायची आणि बडबडायची.

टॉवर पडला त्याच्या आदल्या रविवारी कुत्रा भिकूच्या मागेमागे घरात आला आणि थेट चुलीपाशी पातेल्यात तोंड घालायला गेला. तेव्हा उषा म्हणाली होती, "पुढच्या आयतवारी त्याला बांधून या. न्हाईतर तुमीबी येऊ नका." अर्थात म्हणाली म्हणजे काय, भिकूने तिचं म्हणणं लग्नापासून एकदाही पहिल्या खेपेला ऐकलं नव्हतं. टॉवर पडला त्या संध्याकाळी भिकूबरोबर कुत्रा दिसला नाही, तेव्हा तिला वाटलं, पावसाचा आला नसेल. उठताना तिने हाडकं पिशवीत बांधून भिकूच्या हातात दिली. तो रस्त्याच्या वळणापर्यंत पोचला असेल, तोच आवाज झाला.

"मुकादम कुटं हाय?" त्या रात्री तिने विचारलं होतं.

"पळाला आसंल डोंगराच्या अंगाला," भिकू म्हणाला. "येईल."

अजून आला नव्हता. आणि रोज सकाळी भिकू कुंपणाच्या फटीला डोळा लावून जेसीबीचं काम बघत उभा राहायचा. साहिलच्या मते तो पुरावा बाहेर येतो का ते पाहत होता.

दुपारी गर्दी पांगल्यावर उषाने विचारलं, "उद्या पौडला पोलिसांत जबाब हाय. काय सांगणार?"

"बघू."

"बघू म्हंजी? तुमी जेवायला आलता. तेवढंच सांगा. ह्या लोकांच्या नादी लागून कायबाय बोललात तर आत बसवतील. च्या प्यायला तितं कोंडाजी येणार न्हाई."

भिकू पायातली चप्पल काढून पुन्हा घालत राहिला. "जेवाय गेलतो म्हणलं की हसत्यात, उषे. गप बसलो की च्या पाजत्यात."

"मंग च्या मी पाजते."

"तुझ्या च्यात साखर कमी आसती," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसला. पण काय सांगणार ते काही बोलला नाही.

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले. उद्याच्या जबाबामुळे बाकड्यावर जागा नव्हती. साहिल ऑफिसच्या कॅबमधून उतरून घरीही न जाता तसाच आला होता.

"दादा, घाबरू नका. जे माहीत आहे ते सांगा. आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत."

"मागंच राहा," उषा पुटपुटली.

"इहिरीचंबी सांग त्यांना," कोंडाजी म्हणाले.

"विहिरीचं कोणी लिहून घेणार नाही, काका. टायमिंग महत्त्वाचं आहे." साहिलने बोट वर केलं. "आणि एक गोष्ट तुमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. कुत्रा. तो कुत्रा चोवीस तास तिथे असायचा. बरोबर? टॉवर पडला तेव्हा तोही नव्हता. भिकूदादा त्यालाही बाहेर घेऊन गेले होते. म्हणजे यांना वेळसुद्धा माहीत होती."

"हे मातर खरं," कोंडाजी म्हणाले. "मुकादम दिसलाच न्हाई नंतर."

भिकूच्या हातात चहाचा कप होता. त्याने तो बाकड्यावर ठेवला.

"न्हेलं न्हवतं त्याला," तो म्हणाला.

"मग कुठे होता?"

"हितंच. जिन्याखाली. भिजू नये म्हणून." त्याने चप्पल काढून पुन्हा घातली. "बांधून गेलतो."

उषाची इस्त्री उचललेलीच राहिली.

"मी जेवाय गेलतो. आखाड व्हता. रस्सा झाला व्हता तिखट, दोन भाकरी खाल्ल्या. येताना त्याला हाडकं घिऊन निघालो व्हतो. मला काय बी म्हाईत न्हवतं. कोण आलं न्हाई, गाडी न्हाई, पेट्या न्हाई. म्हाईत असतं तर सोडून न्हाई का गेलो असतो त्याला? सुटा असता तर पळाला असता. त्याला कळत व्हतं. माझ्यापरीस जास्त."

नसीरभाई पायरीवरून उठून आले आणि भिकूशेजारी उभे राहिले. "कुटला जिना? रस्त्याकडचा?"

"मागला."

"तितवर जेसीबी अजून गेला न्हाई. उद्या मी ड्रायव्हरला सांगतो. हळू काढ म्हणून."

भिकूने मान डोलावली.

साहिलने मोबाइल खिशात घातला. त्याचा चेहरा उतरला होता. वाईट मुलगा नव्हता तो. पण सवय ती सवय. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "पण दादा, एरवी तर तो मोकळाच असायचा ना? त्याच दिवशी बांधायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

उषाने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. कुंपणाच्या निळ्या पत्र्यांकडे बघत होता.

"कुनी न्हाई," भिकू म्हणाला. "माझंच डोकं."

हळूहळू माणसं उठली. कोंडाजी जाताना विहिरीबद्दल काही बोलले नाहीत. भिकूने रिकामे कप गोळा केले आणि टपरीवर द्यायला गेला.

उषाने टेबलाखालच्या पिशवीतून त्याची निळी पॅन्ट काढली. उद्या पौडला घालायची होती. तिने ती पसरली, पाणी शिंपडलं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत नीट इस्त्री फिरवली. खालच्या दुमडीपाशी आली तेव्हा शिवणीत अडकलेले चार-दोन पिवळट केस दिसले. सवयीने तिचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला.

मग तिने तो मागे घेतला. इस्त्री बाजूला उभी केली, आणि दुमडीला धक्का न लावता पॅन्टची घडी घातली.