चमच्याला नाही म्हणणारा आचारी

काय खाल्लं, कुठे खाल्लं, मीठ कमी होतं की जास्त, यावर आपल्या घराघरांतून तासन्‌तास गप्पा रंगतात. पण खाल्लेलं पुढे सुरळीत जातंय ना, असं कुणी विचारलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. चिमूटकाकांचं घरही त्यातलंच.

चिमूटकाका एका कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी. मीठ चिमटीनेच टाकायचे आणि ते कधी चुकायचं नाही, म्हणून हे नाव. पातेलं कुणीही शिजवलेलं असो, काकांच्या जिभेवरून गेल्याशिवाय ते बाहेर जायचं नाही. हाताखालच्या मंडळींना तशी सवयच लागली होती. झाकण उघडलं की चमचा भरायचा आणि काकांसमोर धरायचा. काका फोनवर असोत नाहीतर कुणावर डाफरत असोत, चमचा दिसला की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं.

याच काकांना काही आठवड्यांपासून शौचातून रक्त पडत होतं. हे घरात कळलं ते वहिनींना कपड्यावर डाग दिसला म्हणून. वहिनी म्हणजे त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. काकांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात ही दोघंच. वहिनींनी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांनी आतड्याचा स्कॅन सांगितला. आधी चोथा नसलेलं हलकं खाणं, आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं पातळ, आणि वर पोट साफ करणारं औषध. आतडं स्वच्छ असेल तरच फोटोत काही दिसतं, हे नर्सने पुन्हापुन्हा बजावलं.

आता काकांनी काय करावं? आदल्या दिवशी रजा घेतली तर कारण सांगावं लागेल, म्हणून गुपचूप कामावर गेले. सारखं संडासाकडे पळताना लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील, म्हणून औषध घेतलं ते निम्मंच. आणि चमचे तर दिवसभर येतच राहिले. वाटाण्याचं सूप झालं, टोमॅटोची भाजी झाली. दरवेळी घास गिळून झाल्यावर काकांना आठवायचं की आज खायचं नव्हतं.

स्कॅन झाला आणि वाया गेला.

"आत इतकं काही उरलंय, की गाठ कुठली आणि मळ कुठला ते ठरवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नीट तयारी करून पुन्हा या."

घरी आल्यावर काका फणकारले. "मी नाही जाणार आता. साधी मूळव्याध असेल."

वहिनी कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांचा हात थांबला. "तुमचे दादाही हेच म्हणायचे. वर्षभर म्हणाले. मी त्यांची बायको, पण मलासुद्धा शेवटी डॉक्टरांकडूनच कळलं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

काका वरमले. "अहो वहिनी, पण ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?"

"तुमच्या भटारखान्यातली मोरी तुंबली तर काय करता?"

"बोंब मारतो. मोकळी होईपर्यंत चूल पेटू देत नाही."

"म्हणजे मोरीची लाज वाटत नाही, आणि स्वतःच्या आतड्याची वाटते. भाऊजी, घास तोंडात जातो तेव्हा तुम्ही वाहवा घेता. तोच घास पुढे गेला की त्याचं नावसुद्धा काढायचं नाही? ज्याला पोट आहे त्याचं हे असंच चालतं. या लाजेपायी मी एक माणूस घालवलाय. दुसरा घालवायची माझी तयारी नाही."

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून वहिनींपुढे ठेवलं. मग म्हणाले, "तारीख घ्या."

दुसऱ्या खेपेला, तयारी सुरू व्हायच्या दिवशी, काका भटारखान्याच्या मधोमध उभे राहिले. "गॅस बारीक करा," म्हणाले. मंडळींना वाटलं, मीठ चुकलं.

"मला शौचातून रक्त पडतंय. आतड्याचा स्कॅन करायचाय, त्यासाठी पोट पार रिकामं हवं. मागच्या वेळी मी तुमच्यापासून लपवलं, औषध अर्धंच घेतलं आणि तुमचे चमचे चाटत बसलो. सगळं फुकट गेलं. या वेळी मला मदत करा. कुणीही माझ्यासमोर चमचा धरू नका."

ज्याच्या धाकाने पातेली खणखणायची थांबत, तो माणूस हे सगळ्यांसमोर सांगत होता. मला विचाराल तर, त्या भटारखान्यात आजवर याहून मोठी हिंमत कुणी दाखवली नव्हती!

भाजी चिरणाऱ्या मावशी पहिल्यांदा बोलल्या. "मग चव कोण बघणार?"

"तुम्ही."

"मी? आणि जेवण परत आलं तर?"

"येऊ दे. मी परत आलो म्हणजे झालं."

मग काय, अख्खा भटारखाना कामाला लागला. सवयीने कुणाचा चमचा वर गेला, की शेजारचा त्याचा हात खाली ओढायचा. मावशींनी भाज्यांचं पाणी फडक्यातून गाळलं, पुन्हा गाळलं, तळाला कण दिसेना तेव्हाच डब्यात भरून दिलं. आदल्या दिवशी काकांनी उघडपणे रजा घेतली आणि औषध शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. वहिनी संडासाच्या दाराबाहेरून ओरडायच्या, "पाणी पिताय ना?" आणि आतून उत्तर यायचं, "पितोय!" त्या घराने इतकं मोकळं संभाषण पूर्वी ऐकलं नसेल.

स्कॅनच्या वेळी मागून बारीक नळी घालून आतडं हवेने फुगवलं. पोट तट्ट झालं, लाजही वाटली, आणि थोड्या वेळात दोन्ही ओसरलं. फोटो स्वच्छ आले. त्यात एक छोटी गाठ दिसली. पुढे ती दुर्बिणीतून काढली, तपासली, आणि डॉक्टर म्हणाल्या, "वेळेवर आलात."

वहिनींनी डोळे पुसले. "तुमच्या दादांनी नुसतं ‘रक्त पडतंय’ एवढं बोलायला हवं होतं. एक वाक्य."

काका कामावर परतले तेव्हा मावशींनी चमचा पुढे धरला. काकांनी चव घेतली आणि चिमूट काही उचलली नाही. मावशी दिवसभर खुशीत होत्या.

दुपारी भांडी घासणारा दांडगा गडी, ज्याला सगळे पहिलवान म्हणायचे, काकांच्या कानाशी लागला. "काका, ते... तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"

काकांनी गॅस बंद केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हळू कशाला? मोठ्याने विचार. इथे सगळे आपलेच आहेत."

वाचकहो, पोट साफ करायचं औषध दुकानात मिळतं. लाज मात्र बोलूनच बाहेर काढावी लागते, आणि ती ज्याची त्यानेच काढायची असते. ऐकणाऱ्यांनी फक्त हसायचं नाही, एवढं केलं तरी पुष्कळ.

पहिलवानाने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मोठ्याने विचारलं.