मले उचल

लोहाऱ्याच्या त्या गल्लीत इंदुताईंच्या वयाच्या बायकांचे साधारण तीन प्रकार. एक भिशीच्या, दुसऱ्या भजनाच्या, आणि तिसऱ्या दोन्हीकडं हजेरी लावून इकडची बातमी तिकडं पोचवणाऱ्या. इंदुताई यातल्या कशातच बसत नव्हत्या, कारण संध्याकाळी सात ते आठ त्या बंदूक घेऊन हिंडत.

बंदूक अर्थात मोबाइलमधली. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, घराघरांत शिरून सामान गोळा करतात आणि शेवटी एकच टोळी उरेपर्यंत एकमेकांना टिपतात, असा तो गेम. मारोतराव, म्हणजे इंदुताईंचे यजमान, एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरी करून घरी बसलेले. पाहुणा आला की ते आतल्या खोलीकडं बोट दाखवून गंभीरपणे सांगत, "हळू बोला. आमच्या घरी डाकू हाये."

डाकूचा एक नियम मात्र पक्का होता. शेजारी ताटली असल्याशिवाय बंदूक हातात घ्यायची नाही. सुरुवातीला आलूबोंडा आणि तर्री घेऊन बसत. पण एकदा ऐन लढाईत तेलकट अंगठा घसरला आणि शत्रूवर टाकायचा बॉम्ब स्वतःच्याच पायाशी फुटला. तेव्हापासून चमच्यानं खायचा कच्चा चिवडा ठरला. मुरमुरे, वरून कच्चं तेल, तिखट, बारीक कांदा आणि मूठभर सांभार. सांभार म्हणजे पुण्याकडं ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. हे सांगायचं कारण, इंदुताईंच्या दुःखाची सुरुवातच या कोथिंबिरीपासून झाली होती.

त्यांची एकुलती एक लेक निकिता पुण्यात नोकरीला. दर रविवारी सकाळी फोन करी, त्यात कसूर नाही. एका रविवारी ती म्हणाली, "आई, वड्या केल्या होत्या, पण कोथिंबीर ताजी नव्हती." ज्या पोरीला सांभारवडी खाऊ घालून वाढवलं, तिच्या तोंडात कोथिंबीर? मग त्यांचा कान त्या वाटेलाच लागला. कोण काय बोलतं यापेक्षा कोणत्या शब्दात बोलतं याची मोजदाद ठेवायची त्यांना जुनी खोड. पुढच्या रविवारी त्यांनी मोजलं. निकिता अकरा वेळा 'मला' म्हणाली. 'मले' एकदाही नाही.

मारोतरावांना सांगितलं तर ते हसले. "अवं, पुण्यात राह्यते, पुण्यासारखी बोलन. तू कायले हिशोब लावून राह्यली?"

हिशेब शब्दांचा नव्हताच. लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी निकिताचं एक वाक्य ठरलेलं असे, "मले ठेवलं का?" घरात काही गोडधोड असो नसो, वाक्य चुकायचं नाही. कॉलेजला गेली तरी चुकलं नाही. त्या एका 'मले'त पोरगी घरी आल्याची खूण होती. आता ती खूणच पुसली, तर ती दिवाळीला येऊन पलंगावर बसली तरी घरी आली असं कसं समजायचं?

आणि गेम तर तिनंच शिकवलेला. म्हणजे मुळात नाद होता इंदुताईंचाच. निकिता सात-आठ वर्षांची असताना मारोतरावांनी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता. पिवळ्या कॅसेटी, चालली नाही की फुंकर मारायची. निकितासाठी म्हणून आणला, पण ती शाळेत गेली की इंदुताई कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत खेळून घेत. शिट्ट्या मोजायच्या राहून भात कितीदा तरी लगद्यासारखा गिजगा झाला. भात खाणारा रोज ड्युटीवर, म्हणून बभ्रा झाला नाही.

मग लॉकडाऊन लागला आणि निकिता दीड वर्ष घरी राहिली. तो उन्हाळा इंदुताई अजून चाखून चाखून आठवत. बाहेर रस्ता सुनसान, आत कूलर घरघरतोय, आणि मायलेकी एका गादीवर पालथ्या पडून त्या बेटावर हिंडताहेत. बेटावरच्या गावांची नावं इंग्रजी. इंदुताईंच्या जिभेवर ती काही बसेनात. मग त्यांनी सरळ बारसंच घातलं. पत्र्याची गोदामं होती ते लोहारा, कारण घराच्या गच्चीवरून एमआयडीसी अगदी तशीच दिसे. उंच घरांचा चौक तो शहरातला दत्त चौक. पूल दिसला तो वाघाडी नदीवरचा. आणि कोपऱ्यातलं चार घरांचं, शेतांनी वेढलेलं खेडं ते महागाव, इंदुताईंचं माहेर. तिथं कोणी मारायला येत नाही, असं त्या अभिमानानं सांगत. निकिता म्हणे, "आई, तिथं कोणी येत नाही कारण तिथं काही सापडतच नाही."

अंगात ताकद भरणारा डबा मिळे, त्याचं नाव मठ्ठा. आणि गोळी लागून माणूस खाली पडला की तो लगेच मरत नाही, रांगत राहतो. टोळीतल्या कोणी जवळ बसून दहा सेकंद धरलं की पुन्हा उभा होतो. त्याला त्या म्हणत उचलणं. कूलरच्या आवाजावरून दिवसातून पन्नासदा ओरडा ऐकू येई, "मले उचल!" त्यातले पंचेचाळीस इंदुताईंचे असत. निकिता येई, उचले, आणि बडबडत पुढं जाई.

निकिता पुण्याला परतल्यावरही वर्षभर संध्याकाळी फोनवर दोघी खेळत. मग आठवड्यातून तीनदा, मग एकदा. मग एक दिवस इंदुताईंचा मोबाइल वरणात पडला. फोडणी देता देता खेळत होत्या, त्यामुळं दोष वरणाला देता येईना. नवा मोबाइल आला, पण जुन्या खात्याचा पासवर्ड निकिताकडं. विचारायला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, मी तर गेम काढूनच टाकला. मला वेळच होत नाही गं." इंदुताईंनी पासवर्ड विचारलाच नाही. ज्या घरात कोणी राहत नाही त्याची किल्ली कायले मागायची?

चौकातल्या जमीरच्या मोबाइल दुकानात जाऊन त्यांनी नवं खातं काढून घेतलं. जमीरनं नाव काय टाकू विचारलं. दुपारी जेवणात पाटवडी-रस्सा होता, तोच तोंडात आला. झालं, त्या पाटवडी झाल्या.

पाटवडी अनोळखी लोकांबरोबर खेळे. माइक बंद ठेवून, कारण परक्यांसमोर बोलायचं नाही ही निकिताचीच ताकीद. त्यामुळं ही कोण आहे ते कोणाला कळत नसे. सगळे 'पाटवडी भाऊ' म्हणत. सहा महिन्यांत हा मुका भाऊ चांगलाच नेमबाज झाला. निकिताच्या मागं मागं पळताना त्यांना कधी नेम धरावाच लागला नव्हता. आता धरावा लागला.

परवाच्या बुधवारी टोळीत दोन आवाज होते. एक अमर नावाचा मुलगा, एक कशफ नावाची मुलगी. दोघं पुण्यात एकाच ऑफिसातले, त्यांचं बोलणं ऐकून एवढं कळलं होतं. त्यांच्यातला एक गडी आज यायचा होता, कामात अडकला, म्हणून गेमनं जागा भरायला पाटवडी पाठवून दिली होती. विमान बेटावर आलं आणि कशफ म्हणाली, "चलो, लोहाऱ्यात उतरू."

इंदुताईंचा चमचा ताटलीत तसाच राहिला.

उडी मारायची राहूनच गेली. विमानानं त्यांना शेवटी समुद्राकाठी फेकलं. कशफ हसत होती की पाटवडी भाऊ झोपले वाटतं. इंदुताई एका बोटानं अक्षरं शोधत राहिल्या आणि पडद्यावरच्या चौकोनात लिहिलं, लोहारा नाव कोणी ठेवलं.

कशफनं मोकळेपणानं सांगितलं. त्यांच्या ऑफिसात एक ताई आहे, तिनं सगळ्यांना शिकवलंय. दत्त चौक, वाघाडी, महागाव. डब्याला मठ्ठा. "आम्हाला खरी नावं माहीतच नाहीत आता. ती म्हणते, माझ्या आईनं ठेवलीत, बदलायची नाहीत."

इंदुताईंना एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. ऊर भरून आला, आणि ठसका लागला. पोरगी गेम खेळते. अजून खेळते. आईला मात्र सांगितलं, काढून टाकला. आणि तीच पोरगी चार परक्या माणसांना महागाव शिकवते. आता यातलं जमेला काय धरायचं आणि नावे काय टाकायचं? त्या रात्री मारोतरावांना वाढताना त्यांनी दोनदा मीठ वाढलं. बोलल्या असत्या तर ते म्हणाले असते, फोन करून विचार. पण विचारलं असतं तर निकितानं पुण्याच्या मराठीत कारण दिलं असतं, आणि ते 'मला'चं कारण इंदुताईंना नको होतं.

शुक्रवारी कशफनंच पाटवडीला बोलावणं धाडलं. आज अमर नव्हता. "आज आमची ताई आहे," ती म्हणाली.

"हाय, पाटवडी," निकिता म्हणाली. "नाव भारी आहे. माझ्या आईच्या हातची खाल्ली असती ना, तर हे नाव ठेवायची हिंमत नसती झाली तुमची."

माइकच्या बटणावर अंगठा गेला होता, तो इंदुताईंनी मागं घेतला. एवढ्यात नको. जरा ऐकू तरी.

वीस मिनिटं त्या नुसत्या ऐकत राहिल्या. रविवारच्या फोनवर न सांगितलेलं सगळं तिथं होतं. साहेबाची नक्कल होती. खोली बदलल्याचं होतं. डोकं दुखतंय, चष्मा लागला वाटतं, तेही होतं. निकिता खळखळून हसत होती, तशी जशी कूलरपुढं पालथी पडून हसायची. पण बोलत होती मात्र 'मला, तुला'. इंदुताईंनी मोजलं. नऊ.

आणि मग महागावात, जिथं कोणी येत नाही त्या महागावात, कोणीतरी आलं. धाडधाड गोळ्या सुटल्या. कशफ तर सरळ मेलीच. निकिता खाली पडली, रांगत एका घरात शिरून भिंतीआड गेली आणि पुण्याची सगळी मराठी विसरून किंचाळली, "मले उचला न कोणी! पाटवडी, कुठं मेला बे? मले उचल!"

इंदुताई तेव्हा वाघाडीच्या पुलापाशी होत्या. मधे उघडं रान, आणि मारणारा अजून तिथंच कुठंतरी लपलेला. शहाणा माणूस गेला नसता. इंदुताई पळत सुटल्या. एक गोळी लागली, दुसरी लागली. भिंतीआड पोचल्या, लेकीशेजारी बसल्या, तिला धरलं, आणि माइक उघडला.

"थांब. आली न मी."

पडद्यावर दहा सेकंदांची मोजणी सुरू झाली.

"आई?"

"हालू नको. उचलू दे."

"तू पाटवडी हायेस?"

"अन् तू त गेम काढून टाकला होता न?"

तिकडं निकितानं श्वास घेतलेला इकडं ऐकू आला. "तुले घेऊन खेळली त माही रँक खाली येत होती, आई. सारे हसत होते. मले तसं सांगता नाही आलं." मग ती म्हणाली, "मंग खोटं बोलली. अन् मंग ते खोटं कसं निस्तरू, समजे नाही."

रागवायला कारण अगदी खरं होतं. इंदुताईंनी शोधून पाहिलं, पण राग काही हाताशी सापडेना. तिच्या बोलण्यात ओळीनं 'मले'च्या घरचे शब्द येऊन बसले होते, तिथंच सगळं लक्ष. त्या फक्त म्हणाल्या, "माही रँक पाह्य आता."

निकितानं पाहिली. आईची रँक तिच्याहून दोन पायऱ्या वर होती. मेलेली कशफ तिकडून फस्सकन हसली. ती मेल्यावरही सगळं ऐकत होती, हे दोघी विसरल्याच होत्या. "ताई, रँक कोणाची खाली येत होती म्हणे?"

निकिता उभी झाली. मारणारा त्याच क्षणी खिडकीतून आत शिरला आणि त्यानं दोघींनाही एका दमात झोपवलं. कोणीच बंदूक उचलली नव्हती. पडद्यावर लाल अक्षरं आली, पण दोघींपैकी कोणी ती वाचली नाहीत.

"आई," निकिता म्हणाली. "ताटलीत काय हाये आज?"

"कच्चा चिवडा."

"सांभार टाकून?"

"मंग काय कोथिंबीर टाकू?"

निकिता हसली. मग जरा अडखळून, जणू दप्तर अजून खांद्यावरच आहे अशा आवाजात तिनं विचारलं, "मले ठेवलं का?"

इंदुताईंनी ताटलीकडं पाहिलं. तळाशी तेलाचा डाग आणि सांभाराचं एक पान. लढाईच्या घाईत सगळा चिवडा कधी संपला, त्यांनाही कळलं नव्हतं.

"ठेवलं न," त्या म्हणाल्या.

एक खोटं तिकडचं होतं, एक इकडचं झालं. फिट्टंफाट. तेवढ्यात दारात मारोतराव येऊन उभे राहिले. त्यांनी रिकामी ताटली उचलली, उलटी करून पाहिली आणि तोंड उघडलं. इंदुताईंनी ओठांवर बोट ठेवलं, फोनवर हात दाबला आणि हळूच सांगितलं, "मुरमुऱ्याचा डबा खाली काढा. सांभार चिरून ठेवा. दिवाळीला नाही, उद्या शनिवारीच येऊन राह्यली म्हणते."

तसं निकिता अजून म्हणाली नव्हती. पण म्हणणार होती, एवढं पाटवडीला ऐकू येत होतं.