सरासरी सात

नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या निवारागृहात दर सोमवारी आनंद मोजला जाई. प्रत्येकीला एक तक्ता मिळे. डावीकडे दिवसभरातली दहा कामं, उजवीकडे दहापैकी किती बरं वाटलं ते. सरासरी सात भरली की स्वतंत्र खोली, आतून कडी असलेली. इस्त्रीवाल्या ताईंना ती खोली हवी होती. अकरा वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला आलेली कडी बाहेरूनच लागत असे.

समुपदेशक मॅडमनी ताईंचा तक्ता वाचून चष्मा काढला.

"सकाळचा फेरफटका, दोन?"

"मागे वळून वळून बघत चालते. मान धरते."

"संगीत ऐकणे, एक?"

"त्या आवाजात कोणी आलेलं कळत नाही ना."

"आणि भाजी करपली, त्याला दहा?"

"चांगली कोळसा झाली होती, मॅडम. कोणी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या खाटेवरचीने तर परत मागितली. तिला चव कळत नाही, ते सोडा."

करपलेली भाजी वरच्या कार्यालयाच्या यादीत नव्हती. फेरफटका होता, आणि तो आनंददायी असल्याचं रीतसर परिपत्रक निघालं होतं. सरासरी भरली सहा पूर्णांक आठ.

"दोनाचे आठ करा आणि सही ठोका," मॅडम हळूच म्हणाल्या. "सगळ्याच करतात हो."

ताईंनी पेन उचललं, थोडा वेळ धरलं आणि खाली ठेवलं.

"दवाखान्यात तीनदा सही केली मी, जिन्यावरून पडले म्हणून. हे सांगायचे, मी लिहायची. आमचं घर तळमजल्यावर. जिना कुठला, ते डॉक्टरांनीही नाही विचारलं. खोली राहू द्या मॅडम. दोनाचे दोनच राहतील."

मॅडमची बढतीही याच सरासरीवर अडलेली. मग त्यांनी तक्ता उलटला. मागच्या बाजूला एक अकरावा रकाना होता, चार वर्षांत कोणी न भरलेला : 'समोरच्याला नकार देणे'. मॅडमनी तिथे दहा लिहिले.

"नऊ करा," ताई म्हणाल्या. "हात कापत होते."

मॅडमनी नऊ केले आणि बेरीज दोनदा तपासली. बरोबर सात.

आठवड्याने खोली मंजूर झाली. खाली वरच्या कार्यालयाचा शेरा होता : 'प्रगती समाधानकारक. फेरफटका वाढवावा.'