टोपलीला झाड हवं

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. खरं तर इतकी जुनी मी व्हायलाच नको होते, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

बारमाही ओल्या, दाट रानातल्या एका वेलीपासून मला एका आईने विणले. कोवळे फाटे तिने राखले, निबर तेवढेच कापले. कडू कंद माझ्यात भरून ती मला ओढ्यात बुडवून ठेवी. वाहत्या पाण्यात कंदांचे विष उतरे, मग घरादाराचे पोट भरे. आमच्या रानात प्रत्येक बाईची वेल ठरलेली. टोपली फाटली की ती त्याच वेलीच्या मुळाशी ठेवायची. तिची माती झाली, की मगच वेलीला पुन्हा कोयता लावायचा.

माझा तळ गेला तेव्हा शहरातून एक पाहुणा आला होता, संग्रहालयवाला. त्याने मला मागितले.

"तुझ्याकडे झाड आहे ना रे?" आईने विचारले.

"आहे की, दारातच आहे."

टोपली नेणारा तिला मातीलाच देणार, दुसरे काय करणार, असे त्या भोळीला वाटले. त्याने मला काचेच्या कपाटात ठेवले. डोक्यावर दिवा, अंगावर कीडनाशक. लोक वाहवा करत. माझी एक काडीही कुजेना.

मध्यंतरी आईची लेक तिथे विणकाम दाखवायला आली. पाहुण्याचे केस आता पिकलेले. त्याने तिला कौतुकाने माझ्यापाशी आणले. ती पाहतच राहिली.

"अजून इथेच? हिचं काय चुकलं होतं?"

"चुकलं कुठे, बाळ? जपलंय तिला."

"काका, आईनं त्या वेलीला पुन्हा हात लावला नाही. टोपलीची माती झाल्याचा निरोप येईल म्हणायची. मरेपर्यंत शेजारणीची टोपली मागून कंद भिजवले तिनं."

त्याने खिशातून किल्ली काढून काच उघडली.

लेकीने मला हुंगले, कीडनाशकाचा वास आला आणि तिचा चेहरा उतरला. "हिला आता मुंगीसुद्धा तोंड लावायची नाही."

"कंदांसारखी ओढ्यात भिजवलीस तर?"

"आणि मासे? त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचे विष उतरवले, आता माझी पाळी आहे. वस्तू जरूर जपा. पण तिला शेवटी कुठे जायचे आहे, हे ती घडवणाऱ्यांना आधी विचारा. लेकीने मला रानात परत आणले; अंगातले विष उतरेपर्यंत मी एका दगडावर उन्हापावसात पडून आहे. आईची वेल समोरच आहे. मी पहिल्या मुंगीची वाट पाहते आहे.