पाणघोड्याच्या सावलीतली उद्दव्वा

मित्रांनो, मी सिमेंटचा एक जुना पाणघोडा आहे. सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत 'प्राणीनगरी' नावाची बाग आहे, तिच्या मागच्या कोपऱ्यात मी उभा असतो. माझ्या पाठीला भेगा पडल्या आहेत आणि डावा कान केव्हाच गळून गेला आहे. आमच्या कोपऱ्याच्या दारावर 'आपलं माळरान' अशी पाटी आहे. माळरानावर पाणघोडा कशाला, असं मुलं येता-जाता विचारतात. त्यांच्या बाईंनाही सांगता येत नाही. म्हणून मीच सांगतो.

ही बाग संगमेश अण्णांनी काढली. त्यांचं शहरात कापडाचं दुकान होतं आणि इथं वडिलांची खडकाळ जमीन पडून होती. सुट्टीत पोरांना न्यायला जवळ काही नाही, हे त्यांच्या मनात होतं. त्यांनी ससे आणले, बदकं आणली, दोन तट्टं आणली आणि बागेच्या प्रत्येक भागाला वेगळं नाव दिलं. मागच्या कोपऱ्याचं नाव 'आफ्रिका' पडलं. आफ्रिकेतले खरे प्राणी काही मिळणार नव्हते, तेव्हा ते सिमेंटचे करून घ्यायचं ठरलं.

ते काम तिप्पण्णा मिस्त्रींकडे आलं. ते अक्कलकोटकडचे, देवळांच्या शिखरांवरच्या मूर्ती करणारे. हत्ती आणि सिंह त्यांच्या हातात बसलेले होते. पाणघोडा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. अण्णांनी कॅलेंडरवरचं चित्र दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले.

"अण्णा, ही म्हैसच हाय की. शिंगं तेवढी न्हाईत," ते म्हणाले.

सळ्या वाकवून, जाळी गुंडाळून त्यांनी मला उभं केलं आणि सिमेंट थापलं. माझा जबडा उघडा ठेवला. डोळे मात्र त्यांनी आपल्या ओळखीच्या म्हशीचेच काढले. माझ्या पायांभोवती उथळ तळं बांधलं. पहिली काही वर्षं मुलं माझ्या पाठीवर बसायची, जबड्यात हात घालून फोटो काढायची. अण्णांची लेक महेश्वरी तेव्हा लहान होती. ती माझ्या पाठीवरून घसरत तळ्यात पडायची आणि पुन्हा वर चढायची. ते दिवस चांगले गेले.

मग आसपासचे इमूपालनाचे फार्म एकामागून एक बंद पडले. लोकांनी मोठ्या हौसेनं आणलेले पक्षी आता कोणालाच नको होते. काहींनी ते रानात सोडून दिले. असे चार इमू अण्णांनी टेम्पोत घालून आणले आणि माझ्या तळ्याशेजारी कुंपणात ठेवले. माणसाएवढे उंच, उडता न येणारे, मातकट पिसांचे पक्षी होते ते.

त्यांची देखभाल बसव्वाकडे आली. ती शेजारच्या वाडीतली, घरी कोंबड्या-शेळ्या सांभाळणारी बाई. एवढं मोठं पाखरू तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती कुंपणाबाहेरूनच चारा टाकून गेली. आठवडाभरात आत बसून गवत निवडू लागली. चारांतली एक मादी सगळ्यांत उंच होती. कन्नडमध्ये 'उद्द' म्हणजे लांब. बसव्वानं तिचं नाव उद्दव्वा ठेवलं.

एकदा जुळे सोलापूर भागातल्या एका शाळेची सहल आली. इमू आफ्रिकेतला नसतो, ऑस्ट्रेलियातला असतो, असं तिथल्या सरांनी अण्णांना सांगितलं. अण्णा हसले आणि त्यांनी पेंटरला बोलावलं. पाटीवर 'आफ्रिका'च्या पुढं 'आणि ऑस्ट्रेलिया' असं बारीक अक्षरात लिहिलं गेलं, कारण पाटीवर जागा कमी होती.

पण नवी गोष्ट किती दिवस नवी राहणार? गर्दी ओसरली. सगळीकडे डायनासोरच्या बागा निघत होत्या, तशी अण्णांनीही काढायची ठरवली. तिप्पण्णा मिस्त्रींनी केलेले सिमेंटचे हत्ती आणि सिंह फोडले. फायबरचे डायनासोर आले. त्यांच्या माना मोटारीवर हलत आणि पोटातल्या भोंग्यातून डरकाळी निघे. माझ्याबरोबर तळंही फुटलं असतं, म्हणून मला ठेवलं, हिरवा रंग फासला, नाकावर पत्र्याचं शिंग बसवलं आणि त्या कळपात ढकललं. मला त्याचं फार वाटलं नाही. इमूंचे मात्र हाल सुरू झाले.

पहिली डरकाळी झाली आणि ते चौघं कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. भोंगा थांबला की थांबत, वाजला की पुन्हा धावत. बघणारे लोक हसत होते. त्या उन्हाळ्यात त्यांतला एक नर तारेत अडकला आणि त्याचा पाय मोडला. डॉक्टर आले, पण तो उठलाच नाही. बसव्वानं त्याला पुरलं आणि तशाच मातीच्या हातांनी ती अण्णांपुढं उभी राहिली.

"अण्णा, भोंगा बंद करा."

"अगं, लोक त्यासाठीच तर येतात."

"लोक संध्याकाळी घरला जातात. ही कुटं जातील?"

थोड्या वेळानं अण्णा स्वतः आले, डायनासोरच्या पोटाचं झाकण उघडलं आणि भोंग्याची वायर ओढून काढली. त्यानंतर डायनासोर नुसत्याच माना हलवत राहिले. गर्दी पुन्हा कमी झाली, पण अण्णांनी वायर जोडली नाही.

पुढं महामारी आली आणि बागेचं दार बंद झालं. तळं आटलं. गाड्या थांबल्या होत्या, तरी बसव्वा वाडीवरून चालत यायची. बाजारात न गेलेला कोबी आणि टोमॅटो शेतकरी तिच्या टोपलीत टाकायचे. त्याच काळात अण्णा गेले. दोन इमूही म्हातारपणानं गेले. दार पुन्हा उघडलं तेव्हा कुंपणात एकटी उद्दव्वा होती. दुपारी ऊन तापलं की बसव्वा कुंपणाचं दार उघडून द्यायची आणि उद्दव्वा आटलेल्या तळ्यात उतरायची आणि माझ्या पोटाच्या सावलीत पाय दुमडून बसायची. तिच्या जवळपास दुसरी सावलीच नव्हती. माझा कोणाला उपयोग होतो आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी जाणवलं.

बाग आता महेश्वरी बघू लागली. ती पुण्यात शिकून आली होती. आपल्या पोरांना डायनासोरची नावं पाठ आहेत, पण दारापुढच्या माळावरचा चंडोळ पक्षी ओळखता येत नाही, हे तिला खटकायचं. तिनं डायनासोर भंगारात दिले, रानगवताचं बी पेरलं, छोटे पाणवठे केले. दोन पावसाळ्यांत गवत गुडघ्याला लागलं. चंडोळ आले, तितर आले, एका संध्याकाळी कुंपणापलीकडे कोल्ह्यासारखं छोटं खोकडही दिसलं. खरं सांगतो, एवढा सुंदर हा कोपरा कधीच नव्हता. पण सोलापूरच्या माळावर इमू कसा चालणार? टेंभुर्णीजवळच्या एका हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी उद्दव्वा मागितली आणि महेश्वरीनं हो म्हटलं.

एके दिवशी सकाळीच टेम्पो आला. चार माणसांनी उद्दव्वाला उचलून चढवलं. बसव्वा बाजूला उभी होती.

"अक्का, तिथं तिला खायला घालतील. लोक येत-जात असतात, करमेल तिला," महेश्वरी म्हणाली.

"तुमी शब्द दिलाय ताई, तो मोडा असं मी म्हनत न्हाय," बसव्वा म्हणाली. "पर मीबी जाते संगं. जागा बगते. बरी असली तर सोडून येते."

"आणि बरी नसली तर?"

"मग बगू की."

ती मागच्या हौद्यात चढली आणि उद्दव्वाच्या मानेवर हात ठेवून बसली. टेम्पो गेला.

त्या दुपारी माझी सावली रिकामीच सरकत राहिली. महेश्वरी दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तळ्यात उतरली आणि उद्दव्वा जिथं बसायची, त्या गुळगुळीत झालेल्या मातीकडे बघत उभी राहिली.

दिवस मावळायच्या आत टेम्पो परत आला. मागं बसव्वा तशीच बसलेली होती, आणि तिच्या खांद्यावरून उद्दव्वाची मान दिसत होती. ड्रायव्हर बिरदेवनं खाली उतरून सगळं सांगितलं.

"ताई, हायवेला चिकटून पिंजरा हाय. वर पत्रा, खाली फरशी. ट्रकचा हॉर्न वाजला की पाखरू जाळीवर धडकायचं. अक्कांनी मालकाला सांगितलं, सावली करा, पिंजरा मागं घ्या. त्यो म्हनला, मागं घेतला तर दिसंल कुनाला? मग अक्का हिला सोडून उतरंचनात."

महेश्वरीनं बसव्वाकडे पाहिलं. तिला राग आला असेल, असं मला वाटलं.

"ताई, पाटी तुमची हाय, पायजे ती लावा," बसव्वा म्हणाली. "आफ्रिका झाली, डायनासोर झालं, आता माळ झालाय. लई चांगला झालाय. पर दर बारीला पाटी बदलली म्हनून ह्या पाखरानं कुटं जायाचं?"

महेश्वरीनं तिथंच फोन लावला. इमू मिळणार नाही, चूक माझी आहे, असं तिनं हॉटेलवाल्याला सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ तावातावानं बोलत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बिरदेवनं आणि तिनं मिळून उद्दव्वाला खाली उतरवलं.

माळरानात सिमेंटचा पाणघोडा नको, म्हणून काही दिवसांनी मला फोडायला माणसं आली. त्यांनी मशीन उतरवलंही होतं. ऐन दुपार होती आणि उद्दव्वा माझ्याखाली डोळे मिटून बसली होती. महेश्वरी म्हणाली, "राहू द्या. नाकावरचं शिंग तेवढं काढा." कुंपणावर तिनं एक लहान पाटी लावली: 'ही इमू. हिचं माळरान दूर ऑस्ट्रेलियात आहे. ही आपल्याकडे राहते.'

मित्रांनो, बागा बदलायलाच हव्यात. माझ्यासारख्या सिमेंटच्या प्राण्यांपेक्षा खरं गवत आणि खरे चंडोळ केव्हाही चांगले. पण हौसेनं एखादा जीव घरी किंवा बागेत आणाल, तेव्हा तुमची हौस फिटल्यावरही त्याला भूक लागणार आहे, ऊन लागणार आहे, हे आणण्याआधी लक्षात घ्या. उद्दव्वा आता थकली आहे, तिला एका डोळ्यानं दिसत नाही. ती गेल्यावर मला पाडतील आणि इथं गवत वाढेल. मला चालेल. पण मशीन आणाल तेव्हा आधी वाकून माझ्या पोटाखाली बघा, दुसरं कोणी येऊन बसलेलं नाही ना ते.