माप बरोबर, गोळी चुकीची

गोळ्या कापायची जुनी डबी आहे मी, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढी. खाली गोळी बसवायची खाच, वर झाकणाला पातं. झाकण दाबलं की टक्. मला येतं ते एवढंच. साच्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या, त्यामुळे जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही.

एका टर्नरच्या बायकोने मला औषधाच्या दुकानातून आणलं. तिची रक्तदाबाची गोळी निम्मी करायची असे. दोन वर्षं दिवसाआड सकाळी एक टक्. नवरा लेथवर लोखंड कातायचा. कारखान्यात त्याला मायक्रॉन म्हणत, कारण केसाच्या जाडीएवढी चूकही त्याला खपत नसे. माझं पातं बोथट झालं तेव्हा त्याने स्वतः धार लावली. "बघ, कणभर भुगा पडत नाही," तो बायकोला म्हणाला. मी केवढी फुशारले!

मग त्याची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दुखणं दाबणाऱ्या जबर गोळ्या मिळाल्या, अफूच्या जातीतल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पंधरा दिवस. पुढच्या चार भेटींत ऑपरेशनच्या डॉक्टरांनी मान वर न करता 'तेच चालू ठेवा' असं लिहिलं. चार वेळा! पाच महिन्यांत पाठ बरी झाली, गोळी मात्र राहिली. एखादी चुकली की जांभयांवर जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा.

त्याने कोणाला विचारलं नाही. लाज वाटली. "मी काय गर्दुल्ला आहे? उद्यापासून बंद. एका दणक्यात."

तीन दिवस तो घामाने भिजत होता. पाय एका जागी ठरत नव्हते. दहा वर्षांची मुलगी, जिला घरात टाचणी म्हणत, दाराशी उभी राहून विचारायची, "बाबा, ताप आलाय?"

"हो गं, ताप."

चौथ्या दिवशी सकाळी त्याने मला उचललं. "एकदम जमत नाही ना, मग मापात कमी करतो." व्हर्नियर, म्हणजे कारखान्यातली बारीक मोजपट्टी, काढून त्याने गोळीची लांबी मोजली, मधोमध खूण केली. टक्. दुसरी गोळी. टक्. चार तुकडे. "शंभर टक्के निम्मे!"

पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अख्खी गिळा, कापू नका.' व्हर्नियरवरच्या रेघा वाचणाऱ्या माणसाने ते वाचलं नाही. ती गोळी बारा तास हळूहळू विरघळणारी होती. कापली की सगळं औषध एकदम सुटतं. पहिला तुकडा झपकन चढला आणि दुपारीच उतरला. अंग पुन्हा थरथरायला लागलं. त्याने दुसरा घेतला. मग धीर नाही म्हणून लगेच तिसरा.

टाचणी शाळेतून आली. "आई, बाबा थांबून थांबून श्वास घेतायत. ओठ बघ ना!"

ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिका आली, श्वास परत आणणारं इंजेक्शन दिलं, आणि तो वाचला. थोडक्यात वाचला. चौथा तुकडा पोटात घेऊन मी टेबलावर उघडी पडले होते.

दवाखान्यात या वेळी डॉक्टरबाई होत्या. त्यांच्यापुढेही हा म्हणतो, "चुकून जास्त घेतली."

बायकोने मला पिशवीतून काढून टेबलावर आपटलं. "चुकून? अहो, व्हर्नियर लावून चुकतं का कोणी? आता खरं बोला, नाहीतर मी बोलते."

मग तो बोलला. सगळं.

"माप बरोबर होतं हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी चुकीची होती. आणि अंगाला सवय लागली हा तुमचा गुन्हा नाही. ती आम्ही लावली."

तो म्हणाला, "मग मला ड्रॉइंग द्या."

"कसलं?"

"कधी किती उतरायचं त्याचं. आकड्यांत."

त्यांनी कागद दिला. कमी ताकदीच्या अख्ख्या गोळ्या, काही आठवड्यांनी एक पायरी खाली. "झेपलं नाही तर त्याच पायरीवर थांबा आणि मला फोन करा. मनाने बंद नाही, मनाने जास्तही नाही. खंड पडल्यावर जुनं माप घेतलंत तर श्वास पुन्हा थांबेल." श्वास परत आणणारं औषध कसं द्यायचं ते बायकोला शिकवलं. गोळ्या तिच्या कपाटात कुलपात गेल्या.

अकरा महिने लागले. सहाव्या पायरीवर त्याचं अंग पुन्हा पेटलं, तरी त्याला दोन पायऱ्या एकदम उतरायच्या होत्या. "उड्या मारायची हौस असेल तर बाहेर जाऊन मारा," बायको म्हणाली. फोन केला, महिनाभर तिथेच थांबला. लेथवर उभं राहायची परवानगी मिळाली ती शेवटची गोळी संपल्यावर.

गेल्या आठवड्यात शेजारचा बसड्रायव्हर आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. "मायक्रॉन, तुझ्याकडे गोळ्या कापायची डबी आहे ना? जरा दे. कोणाला बोलू नकोस."

टर्नरने खण उघडला, माझ्यावर हात ठेवला आणि खण लोटून दिला. "डबी नाही मिळणार. बस. मी काय केलं ते आधी ऐक. मग दोघं जाऊ डॉक्टरबाईंकडे."

"बायको ऐकेल रे तुझी."

"ऐकू दे. टाचणीलाही माहीत आहे."

खणाच्या अंधारात मी सगळं ऐकत होते. मागायला आलेल्या माणसाच्या हाती मला दिलं नाही, याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यात गोळी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारायला लावा. घरात कोणी गोळी सोडताना थरथरत असेल तर त्याला हसू नका, एकटं सोडू नका. ताप आलाय असं कोणी सांगितलं तर पुन्हा विचारा. आम्हाला पातं दिलंय, अक्कल दिलेली नाही. जे ठेवाल ते आम्ही कापतो.